अकरा मिनिटांचं ऊन

आमचा जिना जिथे वळतो तिथे घरातल्या सगळ्या नकोशा वस्तू येऊन थांबतात. भिंतीला टेकवलेला झाडू, कडी तुटलेली निळी प्लास्टिकची बादली, बादलीत वाळून कडक झालेलं फरशी पुसायचं फडकं, आणि कठड्यावर बाबांचा टॉवेल. तिथून मी दिवसातून दहादा तरी जाते-येते. पण ‘डोळे मिटून सांग, तिथे काय काय आहे’ असं कुणी विचारलं असतं, तर माझी गाडी झाडूच्या पुढे गेली नसती.

१२ फेब्रुवारीला दुपारी चार वीसला खाली उतरताना त्या वळणावर पाय थबकला. जिन्याच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. समोरच्या दोन घरांमध्ये एक चिंचोळी फट आहे, सूर्य नेमका त्या फटीत आला होता. भिंतीवर तिरका कवडसा पडला होता, चौकोनी म्हणावा तर तसाही नाही. बादली आतून दिवा लावल्यासारखी पेटली होती आणि तिच्यातून आरपार गेलेल्या उन्हाची निळी झाक शेजारच्या भिंतीवर सांडली होती. झाडूची काडी न् काडी वेगळी. टॉवेलच्या कडेला जे धागे सुटलेत, ज्यांच्यावरून मी महिनाभर बाबांच्या मागे लागले होते (आता तरी नवा घ्या!), ते धागे असे उजळून उभे होते की टॉवेल टाकून देण्याचा विचार तेवढ्यापुरता मनातून गेला.

मी आल्या पावली वर धावले. कॅमेरा कपाटात, बॅटरी चार्जरवर, कार्ड कॉम्प्युटरला लावलेलं. तिन्ही गोळा करून खाली आले तेव्हा चार सव्वीस झाले होते. नऊ फोटो काढले. चार एकतीसला सूर्य समोरच्या घराच्या कोपऱ्यामागे गेला आणि तिथे पुन्हा नुसती झाडू-बादली उरली. मी पाहिल्यापासून अकरा मिनिटं.

रात्री फोटो मोठे करून बघितले. नऊच्या नऊ वाया.

का वाया गेले हे समजायला फार वेळ लागला नाही, पण ते मनात रुजायला लागला. कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतल्या सगळ्या प्रकाशाची गोळाबेरीज करतो आणि ती मध्यम करड्यावर आणू बघतो. माझी तीन-चतुर्थांश चौकट अंधाऱ्या भिंतीनं भरलेली. कॅमेऱ्याला वाटलं, बाईला भिंत दाखवायचीय. त्यानं भिंत छान उजळ केली आणि ज्याच्यासाठी मी जिने चढले-उतरले तो कवडसा कोरा कागद चिकटवल्यासारखा पांढराफटक झाला. सावलीतून नंतर थोडंफार उकरून काढता येतं. असं जळालेलं पांढरं मात्र गेलं ते गेलंच, तिथे काही नोंदलेलंच नसतं. भर दुपारचं थेट ऊन लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतं आणि घरातल्या कोपऱ्यात असतात शे-दोनशे. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, तेव्हा नऊ स्टॉपचा फरक म्हणजे ५१२ पट. कलत्या उन्हात तो थोडा कमी होतो, तरी पुष्कळच. डोळ्याला हे जड जात नाही, कारण तो आधी कवडसा बघतो, मग भिंत बघतो, आणि मेंदू मागाहून दोन्ही एकत्र शिवून देतो. कॅमेऱ्याला एकाच नजरेत सगळं उरकायचं असतं.

शिवाय रंग. मला दिसलेलं ऊन पिवळसर होतं आणि सावल्या निळसर. सावलीत थेट ऊन नसतं, तिथे आकाशाचा निळा उजेड पोचतो, म्हणून ती निळी. कॅमेरा ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’वर होता, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते तोच ठरवणार. त्यानं इमानेइतबारे पिवळेपणा धुऊन काढला. ट्यूबलाइटखाली काढल्यासारखे फोटो आले.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मी जय्यत तयारीनिशी पायरीवर बसले. आयएसओ (म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ/८ (भिंगाच्या छिद्राचा आकडा, जितका मोठा तितकं छिद्र बारीक), शटर १/२०० सेकंद, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर. हे आकडे काही मी शोधलेले नाहीत. स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१००, असा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे. एफ/८ ला चौपट उजेड आत येतो, म्हणून त्याच हिशोबानं १/४०० आलं असतं. ऊन कलतं म्हणून मी एक स्टॉप सैल सोडला. मीटरला काही विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. चार वीस झाले, पंचवीस झाले. ढग आला होता.

१४ तारखेला ऊन आलं. एक्सपोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, जमलं, रंग जमला, भिंत अंधारात राहिली, कवडसा उन्हासारखा दिसला. आणि तरी फोटो मेलेला होता. हे कोडं सुटायला मला रात्र लागली. मी कोपरा आवरला होता! फोटो काढायचा म्हणून झाडू नीट उभा केला होता, फडकं उचललं होतं, बादली धुऊन तिचा तुटका भाग मागे वळवला होता, आणि टॉवेलाची व्यवस्थित घडी. पाहुणे यायच्या आधी घर लावतात तसं. १५ तारखेला मी सगळं पूर्ववत करायला गेले, पण ‘सहज पडलेलं’ फडकं मुद्दाम टाकायचं म्हणजे काय असतं ते करून बघा. पाच वेळा टाकलं, पाचही वेळा ते टाकलेलंच दिसलं.

इथे स्वतःशीच थोडं भांडण आहे. १८४४ मध्ये छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यानं एका उघड्या दाराचा फोटो काढला. दाराशी टेकवलेला झाडू आणि दारावर पडलेली तिरकी सावली, बस. छायाचित्रणाचा शोध लागून जेमतेम काही वर्षं झाली होती आणि हा माणूस झाडूचे फोटो काढत होता. तो झाडू आपोआप तिथे नव्हता. टॅलबटनं तो विचार करून ठेवला होता, दांडा सावलीच्या तिरकेपणाशी जुळेल असा, आणि हा विषय त्यानं एकाहून अधिक वेळा मांडून बघितला. म्हणजे मांडणं हे पाप नाही. मी आवरलं, त्यानं मांडलं. मी वस्तू नीटनेटक्या केल्या आणि त्यानं उन्हाकडे बघून ठेवल्या, एवढाच काय तो फरक. हे मला त्या आठवड्यात कळतं तर बरं झालं असतं.

१६ आणि १७ ला मी बाहेर होते. १८ ला कवडशाची नुसती फीत उरली होती, बोटभर रुंद, तीही बादलीच्या वर भिंतीवर. १९ ला काहीच नाही. आभाळ स्वच्छ, खिडकी उघडी, बाहेर लख्ख ऊन, आणि तरी कोपऱ्यात ऊन नाही.

खरं सांगायचं तर तोवर मी ऊन कधी सरकतं हे लक्ष देऊन बघितलंच नव्हतं. मार्चमध्ये एका रविवारी पेन्सिल घेऊन बसले आणि दुसऱ्या खिडकीतून आलेल्या कवडशाची कड भिंतीवर दर मिनिटाला आखत गेले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे मिनिटाला पाव अंश. खिडकीपासून तीन मीटरवर कवडसा मिनिटाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास सरकायला हवा, भिंत तिरपी असेल तर जास्त. माझ्या रेघा दीड ते पावणेदोन सेंटिमीटर अंतरानं पडल्या. पुस्तकातलं गणित आपल्या घरच्या भिंतीवर असं चालताना बघून जो आनंद होतो तो मी कुणाला सांगायला गेले नाही. भिंतीवर पेन्सिलच्या रेघा ओढल्या म्हणून बोलणी मात्र खाल्ली.

त्या रेघांमुळे दोन गोष्टी कळल्या. एक, सूर्याची थाळी अर्ध्या अंशाची असते, त्यामुळे ती घराच्या कडेमागे पूर्ण जायला किमान दोन मिनिटं लागतात. ऊन फट्कन विझत नाही, उतरत जातं. अर्धी थाळी झाकली की प्रकाश निम्मा, म्हणजे एक स्टॉप कमी. पाव उरली की दोन. याच उतरत्या दोन मिनिटांत ऊन आणि सावलीतली दरी कमी होते आणि कॅमेऱ्याला दोन्ही पेलतात. १२ तारखेला मी ‘गेलं ऊन’ म्हणून कॅमेरा खाली घेतला होता तो नेमका याच वेळी. दुसरी गोष्ट सावल्यांच्या कडांची. सूर्य ठिपक्याएवढा नाही, थाळीएवढा आहे, म्हणून सावली वस्तूपासून जितकी लांब पडेल तितकी तिची कड विरघळते, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. कठड्याची सावली जवळच्या पायरीवर धारदार आणि समोरच्या भिंतीवर मऊ दिसते ती यामुळे. मला आधी वाटायचं, माझा फोकस चुकतोय.

झाडाखालचे कवडसे गोल का असतात याचंही उत्तर याच थाळीत आहे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवर पडतात ते गोल ठिपके, ऊन तिरपं असेल तर लांबट. तो प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र असतं. प्रत्येक बारीक फट एक एक सूचिछिद्र कॅमेरा, भिंगाऐवजी टाचणीएवढं भोक असलेला. चार मीटर उंचीवरच्या फटीतून पडलेला ठिपका पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास भरतो, कारण अंतर भागिले सुमारे १०८ हा त्याचा हिशोब. खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. हे वाचल्यावर मी महिनाभर झाडाखालच्या जमिनीचे फोटो काढले. बरेचसे कंटाळवाणे आहेत. एकच बरा आलाय, त्यात एक उलटी पडलेली चप्पल आहे आणि तिच्या तळव्यावर बरोबर एक सूर्य.

मराठीत उन्हासाठी किती शब्द आहेत हे मला या काळात नव्यानं कळलं आणि ते शब्द कामाला आले. उजेड आणि ऊन एक नव्हे: ढगाळ दिवशी उजेड असतो, ऊन नसतं. फटीतून आत येते ती तिरीप आणि ती जिथे पडते तो कवडसा. तिरीप दिसायला हवेत धूळ किंवा धूर लागतो, कवडशाला नुसती भिंत पुरते. कोवळं ऊन, कलतं ऊन, रखरखीत ऊन यांत फोटोग्राफीचा अर्धा अभ्यासक्रम आहे. ‘प्रकाश चांगला होता’ असं मी वहीत लिहायचे तेव्हा नंतर काहीच आठवायचं नाही. ‘ढगाआडून तिरीप, जेमतेम मिनिटभर, ओल्या कठड्यावर’ असं लिहायला लागल्यावर तो दिवस जसाच्या तसा परत यायला लागला.

फोनबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. फोन नेहमी हाताशी असतो, आणि पळत्या उन्हात हातातला फोन कपाटातल्या कॅमेऱ्यापेक्षा कधीही चांगला. पण आजचे फोन एका फोटोसाठी झटपट अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतात, सावल्या वर उचलतात, उजळ भाग खाली दाबतात. परिणाम असा की सगळं सारखं दिसतं. मला सगळं दिसायला नकोच होतं! भिंत अंधारात बुडाली तरच बादली पेटते. त्यावर उपाय साधा आहे: स्क्रीनवर सगळ्यात उजळ जागी बोट ठेवायचं, जरा दाबून धरायचं आणि एक्सपोजर खाली ओढायचं, अगदी ‘फारच काळं झालं की’ वाटेपर्यंत. नंतर घरी बघितलं की ते बरोबर असतं.

पावसाळ्यातला एक प्रसंग मात्र मला अजून बोचतो. संध्याकाळची वेळ, मी बसथांब्यावर. पूर्वेला काळंभोर आभाळ, पाऊस नुकताच थांबलेला, आणि पश्चिमेला ढगांच्या खालच्या कडेला एक फट उघडली. त्या फटीतून ऊन आडवं आलं. सूर्य क्षितिजाला टेकायला आला की त्याचे किरण माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत तीसपटीहून जास्त हवा कापून येतात. निळा रंग वाटेतच विखरून जातो, उरतो तो पिवळा-नारिंगी. समोरची गिलावा न केलेली भिंत तांब्यासारखी झाली आणि मागे तिच्यापेक्षा काळं आभाळ. रोज उजेड असतो तो वरून, आकाश उजळ आणि जमीन काळपट. त्या चार मिनिटांत सगळं उलटं झालं होतं. आणि मी काय केलं? सगळ्यांनी बोट दाखवलं म्हणून इंद्रधनुष्याचे अकरा फोटो काढले. मी त्याच्याकडे तोंड करून उभी होते म्हणजे ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, आणि माझ्या डाव्या हाताला वीसेक माणसांची रांग त्या उन्हात उभी होती: ओल्या छत्र्या, छत्र्यांच्या टोकांवर थेंब, एका मुलाच्या दप्तराच्या चेनवर ठिणगी. ते मी पाहिलं, ‘हे झालं की तिकडे वळू’ असं ठरवलं, आणि ‘हे’ होईपर्यंत ऊन गेलं. इंद्रधनुष्य फोटोत नेहमी जसं येतं तसंच आलं, पुसट पट्टा. रांग माझ्याकडे नाही.

अशा वेळी मी स्वतःला अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट सांगते. न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ या खेड्याजवळून तो संध्याकाळी गाडीनं चालला होता. चंद्र वर आलेला, आणि मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचं रेंगाळलेलं. गाडी थांबवून त्यानं अवजड कॅमेरा लावला आणि मीटर सापडेना. चंद्राची उजळी किती असते हे त्याला पाठ होतं, त्यावरून मनातल्या मनात हिशोब करून त्यानं एक फोटो घेतला. दुसरा घेण्यासाठी फिल्म उलटी करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. तो एकच फोटो पुढे जगप्रसिद्ध झाला. गंमत अशी की आपण तो कुठल्या वर्षी काढला हे ॲडम्सला नीट आठवत नव्हतं. खगोलशास्त्राच्या जाणकारांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून तारीख काढली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटं.

ही तारीख काढण्याची गोष्ट वाचली आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. आकाशावरून तारीख काढता येते, तर तारखेवरून ऊनही काढता यायला हवं. माझा कोपरा परत कधी पेटणार?

उत्तर शाळेच्या भूगोलात होतं. सूर्य डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दक्षिणेच्या टोकाला असतो आणि तिथून परत फिरतो. म्हणजे जाताना तो ज्या उंचीवरून जातो तिथूनच येतानाही येतो. प्रत्येक कवडसा वर्षातून दोनदा येणार. २१ डिसेंबर ते १२ फेब्रुवारी ५३ दिवस. २१ डिसेंबरच्या आधी ५३ दिवस मोजले की येते २९ ऑक्टोबर. एखादा दिवस मागेपुढे होईल, चालेल. फेब्रुवारीत माझा कवडसा आठवड्याभरात का संपला हेही आता समजलं. त्या दिवसांत सूर्य रोज अंशाच्या तिसऱ्या हिश्शानं उत्तरेला सरकत असतो, तीन मीटरवर रोज पावणेदोन सेंटिमीटर, आणि माझी फट होती तीनेक अंशांची. हाच कवडसा डिसेंबर अखेरचा असता तर दोन-तीन आठवडे तिथेच रेंगाळला असता, कारण टोकापाशी सूर्य जवळजवळ हलत नाही.

कॅलेंडरवर २९ ऑक्टोबरला गोल केला. आठ महिने वाट बघितली. बाकीचे फोटो चालू होते, पण मनात तो गोल होता.

२९ ला चार वाजता मी पायरीवर. कॅमेऱ्यात बॅटरी, बॅटरी भरलेली, कार्ड आत, आकडे लावलेले. कोपऱ्याला मी हात लावला नव्हता. उलट घरात सगळ्यांना ताकीद होती की कुणीही आवरायचं नाही. आभाळ निरभ्र. चार वीस. चार पंचवीस. पावणेपाच. भिंत तशीच करडी. माझं गणित चुकलं, की समोरच्यांनी काही बांधलं, असं वाटून मी खिडकीतून वाकून बघत होते, तेवढ्यात बाबा आले.

“कशाची वाट बघतेयस?”

“उन्हाची.”

“ते येऊन गेलं की मघाशीच,” बाबा म्हणाले. “पावणेचारच्या पुढे येतं हल्ली. माझा टॉवेल वाळला बघ.”

मी टॉवेलला हात लावला. कोरडा होता आणि किंचित ऊबदार.

बाबा निवृत्त झाल्यापासून टॉवेल उन्हामागून फिरवतात हे मला माहीत होतं. सकाळी मागच्या दारी, दुपारी जिन्यावर, मग खालच्या खिडकीशी. हा त्यांचा चाळा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. या घरात कुठल्या महिन्यात कुठल्या वेळी कुठे ऊन येतं याचं सगळं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात होतं आणि मी आठ महिने कागदावर ५३ दिवस मोजत होते.

“पण फेब्रुवारीत चार वीसला आलं होतं, बाबा.”

“फेब्रुवारीत उशिरा येतं,” ते म्हणाले. का, ते त्यांना सांगता येईना. “येतं खरं.”

का, ते मी त्या रात्री शोधलं. सूर्याचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एक चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला कधी बाराच्या हिशोबापेक्षा उशीर करतो, कधी घाई. फेब्रुवारीच्या मध्याला तो घड्याळाच्या १४ मिनिटं मागे असतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. वर्षातून चारदाच दोघांचं पटतं, एप्रिलच्या मध्याला, जूनच्या मध्याला, सप्टेंबरच्या आरंभी आणि डिसेंबरच्या शेवटी. १४ आणि १६ मिळून ३०. तारीख मी बरोबर काढली होती, पण अर्धा तास उशिरा जाऊन बसले होते. फेब्रुवारीतले चार वीस म्हणजे ऑक्टोबरातले तीन पन्नास.

३० ऑक्टोबरला साडेतीनलाच मी जिन्यावर होते. आणि यावेळी बसायची जागा बदलली होती. फेब्रुवारीत मी खिडकीकडे पाठ करून कोपरा बघत होते. आता वळणाच्या खालच्या पायरीवर, कोपऱ्याच्या बाजूला, खिडकी जवळजवळ समोर येईल अशी. हवेतले धुळीचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, म्हणून तिरीप बघायची तर उन्हाकडे तोंड करून. हे मी वाचलं होतं. जिन्यात धूळ कुठून आणायची याचा विचार केला नव्हता.

तीन एकोणपन्नासला भिंतीवर एक नख उमटलं. मग बोट, मग पंजा. फेब्रुवारीत ऊन पहिल्यांदा कसं येतं हे मी पाहिलंच नव्हतं, मी पोचले तेव्हा ते आलेलं होतं. कवडसा पसरत बादलीपर्यंत आला आणि बादली पेटली. मी काढायला सुरुवात केली. झाडू आज पूर्ण उन्हात नव्हता, अर्धाच, आणि ते जास्त बरं दिसत होतं. तीन-चार मिनिटं मी स्वतःला आवरून हळूहळू काढत राहिले. चौकट बदलायचा मोह होत होता, बदलली नाही.

तेवढ्यात बाबा वरून उतरले. त्यांना माझ्या कॅमेऱ्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांची टॉवेल उलटा करायची वेळ झाली होती. त्यांनी टॉवेल उचलला आणि दोनदा जोरात झटकला.

तिरीप उभी राहिली. खिडकीपासून भिंतीपर्यंत एक अख्खा तिरका खांब, त्यात धूळ वर-खाली, आणि मध्ये बाबांचा हात कोपरापर्यंत उजळलेला, बाकी बाबा अंधारात. मी शटरवरचं बोट उचललंच नाही. धूळ सात-आठ सेकंद टिकली असेल. बाबांनी टॉवेल परत टाकला, चुरगळलेलाच, आणि ते खाली गेले. त्यानंतर ऊन आणखी सहा मिनिटं होतं. शेवटच्या उतरत्या दोन मिनिटांत मी शटर १/१०० वर, मग १/५० वर आणत काढत राहिले. ते फोटोही चांगले आलेत, त्यांत बादली सर्वांत सुंदर आहे.

फ्रेंच संशोधक निएप्सनं १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून काढलेला जो फोटो आज सर्वांत जुना मानतात, त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन दिसतं. एक्सपोजर इतके तास चाललं की सूर्य एका बाजूकडून दुसरीकडे गेला, आणि दोन्ही बाजू त्या पत्र्यावर उतरल्या. त्या पद्धतीनं आमच्या जिन्यात कवडसा आलाच नसता, भिंतभर एक फिकट डाग उमटला असता. बाबा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो छापून आणला आणि बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ घेतला.

“हात माझा आहे?”

“हो.”

“आणि ही बादली अजून टाकली नाही का आपण?” त्यांनी फोटो माझ्याकडे परत दिला. “टॉवेल तरी नवा घेऊन काढायचास.”

मग त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून टॉवेल उचलला आणि खालच्या खिडकीशी नेऊन टाकला. तिथे ऊन यायला अजून वीस मिनिटं होती.